ऑलब्राइट यांच्या चरित्रातले काश्मीर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मॅडलिन ऑलब्राइट यांच्यावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. निर्वासित मुलीने ‘शून्यातून’ अमेरिकेचे परराष्ट्रमंत्रिपद गाठले, हे वाचायला छान वाटते. पण त्यांचे वडील योसेफ कोर्बेल हे चेकोस्लोव्हाकियाचे बेलग्रेडमधील राजदूत होते. १९३९मध्ये नाझींमुळे आणि १९४८मध्ये कम्युनिस्टांमुळे, असा दोनदा देश सुटला, तरी त्या घरातले राजकारणाचे बाळकडू कुठे गेले नाही.

लेखाची बरीच जागा ऑलब्राइट यांच्या ब्रोचनी (कपड्यावर लावायच्या शोभेच्या पिनांनी) खाल्ली. (इराकी वृत्तपत्रांनी नागीण म्हटल्यावर त्यांनी सापाचा ब्रोच लावला, हा किस्सा गमतीचा आहे खरा.) पण काश्मीरचा साधा उल्लेखही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या काश्मीर आयोगात पाच देश होते. त्यांपैकी चेकोस्लोव्हाकियाचे नाव भारताने सुचवले, अर्जेंटिनाचे पाकिस्तानने. चेक प्रतिनिधी हेच कोर्बेल. १३ ऑगस्टचा ठराव झाला तेव्हा आयोगाचे अध्यक्ष तेच होते आणि पं. नेहरूंची २० ऑगस्टची पत्रे त्यांच्याच नावे आहेत. ठरावातला क्रम नीट वाचावा : आधी युद्धबंदी, मग पाकिस्तानी सैन्य आणि टोळीवाल्यांची माघार, ती सुरू झाल्यावर भारतीय सैन्याचा बराचसा भाग मागे आणि त्यानंतर जनमताची गोष्ट. युद्धबंदी १ जानेवारी १९४९ला लागू झाली. गाडे अडले ते माघारीवर. पुढे प्रागच्या नव्या सरकारला कोर्बेल नकोसे झाले आणि त्यांनी अमेरिकेत आश्रय मागितला. डेन्व्हर विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या काँडोलिझा राइसही पुढे परराष्ट्रमंत्री झाल्या.

ऑलब्राइट यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले १९५७मध्ये. कोलंबिया विद्यापीठातली डॉक्टरेट १९७६ची, म्हणजे तीन मुली झाल्यानंतरची. तिथले त्यांचे प्राध्यापक ब्रेझिन्स्की हे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले आणि १९७८मध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला व्हाइट हाउसमध्ये नेले. १९९३ला संयुक्त राष्ट्रांत राजदूत, १९९७ला परराष्ट्रमंत्री. सिनेटने ती नेमणूक ९९ विरुद्ध ० मतांनी मंजूर केली. ‘राष्ट्राध्यक्षपद थोडक्यात हुकले’ हे लेखातले विधान मात्र चूक आहे. उत्तराधिकाराच्या यादीत परराष्ट्रमंत्री चौथा असतो, पण जन्माने अमेरिकन नसलेल्याला वगळले जाते. जर्मनीत जन्मलेले आधीचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनाही तोच नियम आडवा आला.

आपल्याकडे निर्वासित असा वर पोहोचेल का, हा लेखातला प्रश्न इंदूरच्या भंवरकुव्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासची मुलेही विचारतात. १ जानेवारी १९६२पूर्वी कायम वास्तव्यासाठी आलेल्या तिबेटी निर्वासितांना यूपीएससीची परीक्षा देता येते. परंतु आयएएस, आयपीएस आणि आयएफएस (परराष्ट्र सेवा) फक्त भारतीय नागरिकांनाच. फाळणीत आलेल्यांची गोष्ट वेगळी. १९ जुलै १९४८पूर्वी येऊन इथेच राहिलेल्यांना राज्यघटनेच्या कलम ६ने सरळ नागरिक मानले, नंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली. इंदूरच्या सिंधी घरांतल्या वडीलधाऱ्यांना ही तारीख सांगावी लागत नाही. झेलमचे इंद्रकुमार गुजराल त्याच लोंढ्यातले. ते दोनदा परराष्ट्रमंत्री झाले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये ऑलब्राइट दिल्लीला आल्या तेव्हा पंतप्रधान होते.

आपला,
एक वाचक, तुकोगंज, इंदूर