अपडेटने पुसलेला नकाशा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली तीन वर्षे मी वार्षिक वर्गणी भरून कॅम्पिंगचे एक ॲप वापरत आहे. तंबू लावण्याच्या जागा, पाण्याची टाकी, इतर ट्रेकर्सनी नोंदवलेल्या वाटा आणि पायथ्याच्या गावातील जेवणाचे बुकिंग हे सारे त्यात एकत्र मिळते, म्हणून मीच ते अनेकांना सुचवले होते. गेल्या काही महिन्यांत मात्र त्याच्या प्रत्येक अपडेटने काही ना काही बिघडवले आहे, आणि त्यातील एका बिघाडामुळे सप्टेंबरमध्ये आमच्यावर जो प्रसंग आला, तो आपल्या वाचकांसमोर ठेवणे मला आवश्यक वाटते.

आम्ही नऊ जण, त्यांत दोन शाळकरी मुले, खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. गुरुवारी घरी बसून मी त्या भागाचा नकाशा डाउनलोड केला आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून तो उघडतो की नाही हेही पाहिले. शुक्रवारी रात्री, फोन चार्जिंगला लावलेला असताना, ॲप आपोआप अपडेट झाले. तोलार खिंडीतील व्याघ्रशिल्पापर्यंत वाट मळलेली असल्याने फोन काढण्याची वेळच आली नाही. रेलिंगचा कातळटप्पा चढून वर आलो आणि धुके इतके दाट उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. खिंडीपासून गडावरील मंदिरापर्यंत एकामागून एक सारख्याच दिसणाऱ्या टेकड्या आहेत आणि गुरांच्या वाटा त्यांवर सगळीकडे फुटलेल्या आहेत. धुक्यात माणसे चुकतात ती नेमकी येथेच. मी ॲप उघडले, तर करड्या रंगाच्या कोऱ्या पडद्यावर आमची जागा दाखवणारा निळा ठिपका तेवढा होता. नकाशा नव्हता, जपून ठेवलेली वाट नव्हती, आणि वर ‘पुन्हा लॉगिन करा’ अशी सूचना होती. लॉगिनला ओटीपी हवा, ओटीपीला रेंज हवी, आणि तिथे रेंज नव्हती.

जीपीएसला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, उपग्रहांचा संदेश फोनला थेट मिळतो. निळा ठिपका म्हणूनच अचूक होता. पण भोवतीचा नकाशाच पुसला गेल्यावर त्या ठिपक्याचा उपयोग काय? सुमारे दीड तास आम्ही एकाच टेकडीभोवती फिरत राहिलो. लहान मुलगी थंडीने कुडकुडू लागली होती. सुदैवाने गडावर सामान घेऊन जाणारे खिरेश्वरचे एक काका भेटले आणि त्यांनी आम्हाला मंदिरापर्यंत पोहोचवले. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट कळली. ॲपच्या आधीच्या एका अपडेटपासून जेवणाच्या बुकिंगचा निरोप त्यांना कधी एक दिवस उशिरा येतो, तर कधी रद्द झालेले बुकिंग तसेच दिसत राहते. आदल्याच आठवड्यात त्यांच्या घरी वीस माणसांचे पिठले-भाकरी करून ठेवले होते आणि खायला कोणीच आले नाही. त्या पिठाचे आणि मेहनतीचे पैसे त्यांना कोणी दिले नाहीत.

परतल्यावर मी कंपनीकडे तक्रार केली. ‘पुढील अपडेटमध्ये सुधारणा होईल’ एवढे एका ओळीचे उत्तर आले आणि तक्रार निकाली काढण्यात आली. ई-कॉमर्ससंबंधीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रारीचे निवारण करणे बंधनकारक आहे. मी आता 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

अपडेट करूच नये, असे माझे म्हणणे नाही. अपडेट आधी थोड्या वापरकर्त्यांना देऊन, दोष आढळल्यास ते तिथेच थांबवण्याची सोय ॲप स्टोअरमध्ये आहे आणि ती वापरायला हवी होती. डोंगरात वापरल्या जाणाऱ्या ॲपचे अपडेट शुक्रवारी रात्री सोडू नये, कारण शनिवारी पहाटे माणसे घराबाहेर पडतात. वापरकर्त्याने डाउनलोड केलेला नकाशा त्याच्या संमतीशिवाय कोणत्याही अपडेटने पुसू नये, आणि तो उघडण्यासाठी लॉगिनची अट तर मुळीच असू नये. प्ले स्टोअरवरून जुन्या आवृत्तीकडे परतता येत नसल्याने हे अधिकच गंभीर आहे. हे दोष दूर होईपर्यंत हे ॲप वापरणाऱ्यांनी प्ले स्टोअरमध्ये त्याचे आपोआप होणारे अपडेट बंद करावे आणि नकाशा उघडतो की नाही हे निघण्याच्या दिवशी सकाळी, पायथ्याच्या गावात, पुन्हा एकदा तपासावे. मी ते दोन दिवस आधी तपासले होते.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे