स्कॅन झाला, आता फोटो टाकून द्यायचा?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरातला पसारा कमी कसा करावा, यावर आपल्या रविवार पुरवणीत एक लेख आला होता. तुटक्या छत्र्या, न बसणारे कपडे, कसल्या तरी चार्जरच्या वायरी या सगळ्याला माझी मान डोलली. शेवटाकडे मात्र एक वाक्य आलं: जुने फोटो छोट्या पोर्टेबल स्कॅनरवर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं, स्कॅन करा आणि कागद टाकून द्या. या एका वाक्यात दोन चुका आहेत. दोन्ही माझ्या धंद्यातल्या आहेत, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं एका छापखान्याच्या प्रोसेस खात्यात ब्लॉकमेकर होतो. ऑफसेट छपाई आली, तिला ब्लॉक लागत नाहीत, आणि आमचं खातं बंद झालं, त्यामुळे आम्ही काय करायचो ते थोडक्यात सांगतो. छापायचा फोटो प्रोसेस कॅमेऱ्यासमोर लावायचा, मध्ये बारीक जाळीची काच, म्हणजे स्क्रीन, धरायची. फोटोचे लहानमोठे ठिपके होऊन ते फिल्मवर उतरायचे, फिल्मवरून जस्ताच्या पत्र्यावर. मग नायट्रिक अॅसिडमध्ये पत्रा खायला घालायचा. जिथं ठिपका नाही तिथलं जस्त खाल्लं जायचं, ठिपके उभे राहायचे. हा झाला हाफटोन ब्लॉक. ज्याच्यावरून केला त्या फोटोला आम्ही 'ओरिजिनल' म्हणायचो.

खात्यात नियम एकच होता. ओरिजिनल पाकिटात घालून, पाकिटावर नंबर टाकून ठेवायचा आणि काम झालं की ज्याचा त्याला परत जायचा. लोक फोटोच्या मागे लिहून पाठवायचे, 'काम झाल्यावर परत करावा.' बहुतेकांकडे तो एकच असायचा. आमचे हेड म्हणायचे, ब्लॉक बिघडला तर दुसरा करू, ओरिजिनल गेला तर कशावरून करशील? ब्लॉकमध्ये आपण निवडलेल्या जाळीपुरतंच चित्र उतरतं. स्कॅनचंही तेच आहे, ठिपके तेवढे बारीक झालेत.

आता ते ३००. हा आकडा आला छपाईतून. वर्तमानपत्राच्या कागदाला ६५ किंवा ८५ लाइनची स्क्रीन लागायची, गुळगुळीत आर्ट पेपरला १३३ किंवा १५०. म्हणजे इंचाला तेवढ्या ठिपक्यांच्या ओळी. पुढे स्कॅनर आले तेव्हा हिशेब ठरला की स्क्रीनच्या दुप्पट स्कॅन करावं. १५० दुणे ३००. म्हणून चांगल्या मासिकासाठी ३००, तेही फोटो आहे त्याच आकारात छापायचा असेल तर. हे 'तेही' गळून पडलं आणि ३०० सगळ्यांच्या तोंडात बसलं.

माझ्या आईचा एक फोटो अडीच इंच बाय साडेतीन इंच आहे. ३०० ला स्कॅन केला तर ७५० बाय १०५०, म्हणजे आठ लाखांपेक्षाही कमी ठिपके. तो लांबीरुंदीला चौपट मोठा करून भिंतीवर लावायचा म्हटलं तर इंचाला उरतात ७५. तेवढ्यात चेहरा दिसतो, नजर दिसत नाही. तोच फोटो १२०० ला केला तर सव्वा कोटीच्या वर ठिपके मिळतात, आणि अशा छोट्या फोटोत ते वाया जात नाहीत. हे फोटो बहुतेक कॉन्टॅक्ट प्रिंट असतात, निगेटिव्ह कागदावर ठेवून सरळ काढलेले. मोठे करण्यात जे हरवतं ते त्यांच्यात हरवलेलंच नसतं. नंतरच्या काळातल्या पोस्टकार्ड आकाराच्या रंगीत फोटोंना ६०० पुरे, त्याच्यावर गेलात तर फक्त फाइल फुगते.

स्कॅनर मला मुलीनं आणून दिला. पट्टीसारखा, ए-फोर कागदाच्या रुंदीइतका लांब, खाली दोन रबरी रोलर, पोटात दोन पेन्सिल सेल आणि नखाएवढं मेमरी कार्ड. बटण दाबायचं आणि फोटोवरून हातानं सरकवत न्यायचा. मी आधी नाक मुरडलं. ज्यानं जन्मभर खोलीएवढ्या कॅमेऱ्यावर काम केलं त्याच्या हातात हे वेणीच्या फण्यासारखं काहीतरी! पण त्याचा एक गुण मानलाच पाहिजे. आमच्याकडे काळ्या पानांचा एक जाडजूड अल्बम आहे, त्यात आजोबांनी फोटो खळीनं असे चिकटवलेत की ते सुटणार नाहीत. टेबलावरच्या सपाट स्कॅनरवर तो पालथा घालून दाबला असता तर शिवण उसवली असती. या पट्टीमुळे अल्बम मांडीवर तसाच उघडा राहिला आणि पानावरून पट्टी फिरली.

पहिल्या दिवशी मी ६२ फोटो केले. संध्याकाळी कॉम्प्युटरवर उघडले तर प्रत्येकात उभी बारीक पांढरी रेघ. आजोबांच्या नाकावरून, गायीच्या पाठीवरून, शाळेच्या फळ्यावरून, एकाच जागी. स्कॅनरच्या काचेवर धुळीचा एक कण बसला होता. काच फोटोवरून सरकत जाते, तसा तो कणही शेवटपर्यंत रेघ ओढत जातो. छोट्या पडद्यावर हे दिसत नाही. लेखातला सल्ला मानून त्या संध्याकाळी मी कागद टाकून दिले असते तर ६२ माणसांच्या तोंडावर कायमची रेघ राहिली असती. आता दर पाच फोटोंनंतर काच पुसतो आणि दहा झाले की कार्ड काढून मोठ्या पडद्यावर बघतो. फोटोवरची धूळ रबरी ब्लोअरनं उडवावी. तोंडानं फुंकू नये, थुंकीचा थेंब फोटोवरच्या जिलेटिनच्या थरावर पडला की डाग राहतो. रोलरखाली एखादा खडा सापडला तर तो फोटोवर चर पाडतो, तेव्हा रोलरही पुसावेत.

दुसरा घोळ तारखांचा. सेल बदलले की यंत्राचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी माझ्या आईवडिलांचं लग्न, माझी मुंज आणि नातीचा शाळेतला पहिला दिवस हे सगळं एका १ जानेवारीला दहा मिनिटांच्या अंतरानं झालं. मी फायलींना खात्यातल्यासारखे जॉब नंबर दिले. ०४१२-अ म्हणजे फोटो, ०४१२-ब म्हणजे त्याची पाठ. पाठ स्कॅन करायचीच. तिच्यावर स्टुडिओचा शिक्का असतो, कुणाचं तरी अक्षर असतं, कधी नुसतीच 'उजवीकडून तिसरी' एवढी खूण असते. नवीन काही लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला. बॉलपेनचा दाब पुढून उठतो.

आता आईच्या त्या अडीच बाय साडेतीनच्या फोटोकडे येतो. कातरलेल्या कडांचा, कृष्णधवल. आई सायकलला हात लावून उभी आहे, जणू सायकल आत्ता पळून जाईल. हा फोटो आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, काढला असं आम्ही भावंडं लहानपणापासून सांगत आलो. स्कॅनरबरोबर आलेल्या प्रोग्रॅममध्ये कडा आपोआप कापायची सोय होती, ती मी चालू ठेवली होती. पहिल्या स्कॅनमध्ये आई छान आली, सायकल आली. पुढे १२०० ला पुन्हा करताना ती कापाकापी बंद केली आणि पांढऱ्या कडेसकट सगळा फोटो घेतला. तेव्हा खाली जमिनीवर एक सावली दिसली. दोन्ही कोपर बाहेर काढून, पोटाशी डबा कॅमेरा धरून, मान खाली घातलेल्या माणसाची. काळ्या मातीवरची काळी सावली, म्हणून प्रोग्रॅमनं तिला फोटोची काठ समजून छाटली होती.

माझी थोरली बहीण, अक्का, ८४ वर्षांची आहे. पडद्यावर तिला मोठं करून दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "हे आबा नव्हेत. डावा खांदा बघ." डावा खांदा खाली झुकलेला होता. आमच्या धाकट्या काकांचा लहानपणी झाडावरून पडून तो खांदा उतरला होता आणि तसाच राहिला. "त्यांच्याकडेच होता कॅमेरा," अक्का म्हणाली, "आबांना साधं घड्याळ लावता येत नव्हतं." धाकट्या काकांचा आमच्याकडे एकही फोटो नाही, ते लवकर गेले. आता एक आहे, सावलीचा. आणि ज्यानं तो छाटू दिला तो मी, लोकांच्या फोटोंवर पेन्सिलीच्या खुणा करून काय ठेवायचं नि काय कापायचं हे ३१ वर्षं ठरवणारा.

आणखी दोनतीन गोष्टी सांगतो, कुणाच्या तरी कामी येतील. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत मोडवरच स्कॅन करावा. जुन्या फोटोंवर पिवळे डाग असतात, बरेचदा फोटो धुताना हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट निघाला नाही म्हणून पडलेले. असा डागाळलेला फोटो आला की आम्ही प्रोसेस कॅमेऱ्याला पिवळा फिल्टर लावायचो, डाग फिकट व्हायचा. रंगीत स्कॅनमध्ये तीच युक्ती करता येते. प्रोग्रॅममध्ये फक्त लाल चॅनल, म्हणजे चित्रातला लाल रंगाचा भाग, बघा, पिवळा डाग जवळजवळ नाहीसा होतो. निळ्यात बघितलात तर तोच काळाकुट्ट दिसेल. सुरुवातीलाच ग्रे मोड निवडला असेल तर ही वाट बंद झाली.

रेशमी दाणेदार कागदावरचे रंगीत फोटो सगळ्यांत छळतात. दिव्याचा उजेड एका बाजूनं पडतो, प्रत्येक दाण्याची सावली पडते आणि गालांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी उमटते. मी फोटो एकदा सरळ आणि एकदा वरची बाजू खाली फिरवून असे दोन स्कॅन करतो आणि कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवून मिसळतो. सावल्या विरुद्ध बाजूंना पडतात, जाळी बरीच विरते. वेळखाऊ आहे, आवडत्या माणसांसाठीच करावं. वाकलेला फोटो मात्र आधी दोन दिवस पुस्तकाखाली ठेवा, या स्कॅनरची नजर फार जवळची आहे, कागद जरा वर उठला की चित्र भुरकट.

तांबूस झालेले रंगीत फोटो बघून घाबरू नका. रंग तीन थरांत असतात, कित्येक जुन्या कागदांत त्यातला सायन, म्हणजे हिरवट निळा, आधी उडतो, म्हणून सगळे लाल दिसतात. स्कॅनमधून रंग बराच परत ओढता येतो. पण कागद अजून फिकटतोच आहे, तेव्हा रंगीत फोटो आधी घ्या, कृष्णधवल थांबू शकतात. त्यांच्यात चांदी असते, ती रंगांसारखी लवकर उडत नाही.

निगेटिव्हही कचऱ्यात घालू नका. या पट्टीवर ती स्कॅन होत नाहीत, त्यांना मागून उजेड लागतो. पण खरं म्हणजे ओरिजिनलचाही ओरिजिनल तोच. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर तो फिल्म बिघडत असल्याचा वास आहे, ती बाकीच्यांपासून वेगळी काढा.

पुतण्यानं माझे काही स्कॅन मोबाईलवरच्या कुठल्याशा अॅपमध्ये टाकून 'सुधारून' आणले. अक्काच्या लग्नाच्या फोटोत तिला पांढरेशुभ्र दात आले होते. अक्कानं जन्मात कधी फोटोत दात दाखवलेले नाहीत. ती बघून म्हणाली, "ही कोण?" पुतण्याचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून ती फाइल मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, नाव दिलंय 'पाहुण्या'.

सगळे मिळून १,१४० झाले. एक प्रत माझ्या कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक मुलीच्या घरी. सुटे ओरिजिनल पाकिटांत आहेत, पाकिटांवर नंबर आहेत, आणि पाकिटं कपाटाच्या मधल्या फळीवर, एका बुटांच्या खोक्याएवढ्या जागेत. पसारा म्हणायचा तर एवढाच.

सावलीचा तो फोटो पत्रासोबत जोडलेला नाही. छापायचा असेल तर आकार आणि स्क्रीन कळवा, त्याप्रमाणे स्कॅन करून पाठवतो. छापताना कृपया खालून कापू नये.

आपला,
एक निवृत्त ब्लॉकमेकर