गारगाईबद्दल, दादाला

जोहान्सबर्ग

ती. दादास,
सा. न. वि. वि.

"गारगाई एकदाचं होऊन जाऊ दे, दर जूनची पाणीकपातीची कटकट संपेल," असं तू मुंबईसाठी होऊ घातलेल्या गारगाई धरणाबद्दल फोनवर म्हणालास. मुलुंडला बसून मीही तेच म्हटलं असतं.

इथल्या नळाचं बरंचसं पाणी शेजारच्या लेसोथोतून येतं. १९८६च्या करारातून डोंगरात कात्से धरण झालं, तब्बल १८५ मीटर उंच. परवा बघून आलो. बोगद्यातून निघालेलं पाणी वाटेत म्युएलाच्या वीजकेंद्रात ७२ मेगावॉट वीज करून पुढे येतं. ती वीज लेसोथोची. वर पाण्याची रॉयल्टीही त्यांना मिळते. धरणामुळे डोंगरात चांगले रस्ते झाले, जलाशयात पिंजरे लावून ट्राउट वाढवतात. अर्थात रॉयल्टी जाते सरकारकडे, आणि शेतं नि कुरणं बुडाली ती काठच्या लोकांची. म्हणजे तिथेही सगळं गोड नाहीच. पण निदान देशाचा वाटा आधी कागदावर आला.

आपल्याकडे भातसा बघ. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी तिथलं, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. जलाशय खाली, पाडे उंचावर. पाणी वर चढवायला पंप, पाइप आणि महिन्याचं वीजबिल लागतं. म्हणून तर आता पार इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना आखावी लागली.

गारगाईतून रोज ४४० दशलक्ष लिटर मिळणार, वाडा तालुक्यातून बोगद्याने मुंबईच्या मोडकसागर तलावात. आता हिशोब कर. केंद्राच्या जलजीवन नळयोजनेच्या मापाने माणशी ५५ लिटर धरले, तर लाखभर लोकांना साडेपाच दशलक्ष लिटर पुरतात. म्हणजे सव्वा टक्का! एवढ्याने मुंबईची एक बादलीसुद्धा कमी होणार नाही. मग काठच्या गावांची नळयोजना धरणाच्याच खर्चात का धरू नये? पंपाचं बिल पालिकेने भरावं. मासेमारीचा ठेका बाहेरच्याला न देता उठवलेल्या गावांच्या सोसायटीला द्यावा. आणि हे सगळं भिंत उभी राहायच्या आत लिहून व्हावं, नंतर कोण विचारतो?

धरणासाठी तोडायच्या झाडांचा प्रश्न वेगळाच, त्यावर भांडू पुढच्या फोनला. तुझा वाड्याचा मित्र भेटला तर एवढं विचार: पुनर्वसनाच्या कागदात पाण्याचा वाटा लिटरमध्ये लिहिलाय, की नुसतं 'सोय करण्यात येईल'?

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा