‘हट्टी झाल्यात’ म्हणण्याआधी तोंड उघडून बघा

माननीय संपादक महोदय,

गेल्या पावसात म्हार्दोळच्या माझ्या मावशीने जेवण सोडले. वय 82, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. एजन्सीकडून आलेली बाई रात्रंदिवस तिच्यापाशी असते. कामाला चोख. पण ‘आज्जी हट्टी झाल्यात, मुद्दाम तोंड मिटतात’ असे ती आठवडाभर फोनवर सांगत राहिली आणि आम्हीही ऐकून घेत राहिलो. रविवारी मी मडगावहून गेलो. पेजेचा चमचा ओठांशी नेला, तसा मावशीने डावा हात गालावर दाबून धरला. कवळी काढून पाहिली तर खाली हिरडीला चण्याएवढी जखम. तीन आठवडे कवळी तोंडातून निघालीच नव्हती.

बाईला काय बोलणार? दोन महिन्यांपूर्वी ती काजूच्या कारखान्यात होती. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवतात हे तिला सांगितले होते कुणी? एजन्सीने आधार कार्डाची झेरॉक्स घेतली आणि पाठवून दिली.

ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे ओळखणे ही शिकायची गोष्ट आहे. पाठीवरचा लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर तिथे अंथरुणाची जखम धरू लागलेली असते. कालपर्यंत शुद्धीत असलेली म्हातारी एकाएकी बरळू लागली तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता लघवी तपासावी लागते, जंतुसंसर्ग असू शकतो. एवढे शिकवायला आठ-दहा दिवस पुरतील.

2011 च्या जनगणनेत साठीपुढच्यांचे प्रमाण केरळखालोखाल गोव्यात होते, शंभरात अकरांहून अधिक. मुले आखातात, बोटीवर, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात. गंमत म्हणजे आपलीच मुलगी इंग्लंडात केअर होममध्ये लागली की तिला शिकवतात. 2015 पासून तिथे नवख्या कर्मचाऱ्यांसाठी ‘केअर सर्टिफिकेट’ हे प्राथमिक प्रशिक्षण आहे आणि त्यात दुबळ्या प्रौढांचे छळापासून रक्षण हा वेगळा भाग आहे. आबाळ आणि पैशांची लुबाडणूकही तिथे छळातच मोजतात. तिच्या आईकडे इथे जी बाई ठेवतात, तिला मात्र यातले अवाक्षर माहीत नसते.

आणि नुसते ओळखून तरी काय होणार? आमच्या वाड्यावरच्या एका आजोबांच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे सरकारकडून दरमहा मिळणारे, पैसे पुतण्या एटीएममधून काढून नेई. सांभाळणाऱ्या बाईला सगळे ठाऊक होते. ‘घरचा मामला, बोलले तर उद्या काम जाईल,’ असे ती मला विहिरीपाशी हळूच म्हणाली. मीही त्यावर नुसती मान डोलावली, हेही कबूल करतो.

तक्रारीच्या वाटा नाहीत असे नाही. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. अपंग व्यक्तीवर अत्याचार होत असल्याची शंका आली तर 2016 च्या अपंग हक्क कायद्याने कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. पण यातले काहीच त्या बाईच्या कानावर गेलेले नाही, आणि गेले तरी तिच्या नोकरीची हमी कोण देणार?

समाजकल्याण खात्याने घरी माणसे पुरवणाऱ्या एजन्सींची नोंदणी सक्तीची करावी. प्रशिक्षणाचा दाखला नसलेल्या व्यक्तीला कुणाच्या घरी पाठवू देऊ नये. प्रशिक्षण कोकणी-मराठीत हवे, आणि यातल्या कित्येक जणी परराज्यांतून येतात म्हणून कन्नड व हिंदीतही. पुस्तकी नको, कवळी, अंथरूण, औषधांचा डबा समोर ठेवून व्हावे. काय दिसले ते रोज वहीत लिहायची सवय लावावी. लिहिता येत नसेल तर कुणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर ठरवून द्यावा, आणि तो फोन घरच्यांचाच असू नये. वृद्धाश्रमांतल्या कर्मचाऱ्यांनाही हेच लागू करावे.

मावशीची जखम पंधरा दिवसांत भरली. नवी कवळी अजून व्हायची आहे, तोवर पेज आणि मऊ भात चालू आहे.

आपला,
एक वाचक, मडगाव