तुम्ही मारलेल्या दोन रेघा

ती. भाई यांस,
सा. न.

माझ्या पीएचडीच्या विषयाला गोवा विद्यापीठात मान्यता मिळाली. प्रबंधावर नाव माझे असेल, पण विषय सापडला तो तुमच्या दिचोलीच्या घराच्या ओसरीवर, हे सर्वांसमोर सांगावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी आले तेव्हा माझ्या हातात निफ्टीतील चढउतारांवरचा आराखडा होता. त्याचे आकडे आयते मिळतात, म्हणूनच तो विषय मी धरला होता. तुम्ही तो शेवटच्या पानापर्यंत वाचलात आणि एवढेच विचारलेत, "उत्तर उलटे आले, तर कोणाला फरक पडेल?" मला सांगता आले नाही. मग तुम्ही जुन्या कॅलेंडरचे पान पालथे घालून त्यावर दोन उभ्या रेघा मारल्यात: सप्टेंबर 2012 आणि मार्च 2018. दोन्ही वेळा गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. आधी राज्य सरकारच्या आदेशाने, नंतर सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यामुळे. खनिज वाहणारे ट्रक मात्र लोकांनी कर्जावर घेतलेले होते, आणि हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की बँकेच्या लेखी ते कर्ज बुडीताच्या वाटेवर लागते. मिळकत बंद झाली तरी माणूस सगळे हप्ते एकदम थांबवत नाही, कोणाचे आधी फेडायचे ते तो ठरवतो, हे बँकेच्या कर्ज विभागात उभी नोकरी केलेल्या तुमच्याकडूनच मला कळले. त्या सगळ्या बोलण्यात तुम्ही एकाही जुन्या ग्राहकाचे नाव घेतले नाहीत, याचीही मी मनात नोंद केली.

त्याच दुपारी तुम्ही मला शेजारच्या वाड्यावर नेलेत. अंगणात ताडपत्रीखाली ट्रक उभा होता आणि चाकांच्या आऱ्यांतून वेल वर चढले होते. त्या घरच्या वहिनींनी सांगितले की आधी गहाण सोने सोडवले, मग गावच्या पतसंस्थेचे फेडले, कारण तिथले सचिव रोज देवळात भेटतात; ट्रकचा हप्ता मागे राहिला. गाडी ओढून नेतील हे ठाऊक असूनही हाच क्रम का, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न झाला.

खाणपट्ट्याबाहेरच्या सासष्टी तालुक्यातल्या कर्जदारांशी तुलना करण्याची सूचनाही तुमचीच. तिच्यावाचून खाणबंदीचा परिणाम एरवीच्या मंदीपासून वेगळा काढता आला नसता.

कॅलेंडरचे ते पान मी माझ्या फाइलमध्ये सर्वांत वर लावले आहे. येत्या सोमवारी कुडचड्यात मुलाखतींना सुरुवात करते आहे. पहिल्या दहांच्या नोंदी घेऊन येईन, त्या तपासून द्याव्यात.

आपली ऋणी,
एक संशोधक विद्यार्थिनी