आई-बाबा, स्पितीचा प्लॅन असा आहे

प्रिय आई, बाबा,

हिमाचलमधल्या स्पितीला कुठल्या वाटेने जायचं हा विषय फोनवर निघाला की बाबा मनालीहून म्हणतात, मी शिमल्याहून म्हणते आणि आई म्हणते तुमचं ठरलं की सांगा, मी बॅगा भरते. म्हणून यावेळी सगळं लिहूनच पाठवतेय. चष्मा लावून निवांत वाचा, आणि बाबा, मधेच यूट्यूब लावू नका.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघितला. मनालीहून पहाटे निघायचं, अटल टनेलमधून पलीकडे, मग कुंझुमची खिंड आणि रात्री काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव. दिसायला भारी आहे, वाद नाही. पण मनाली साधारण २,००० मीटरवर आणि काझा ३,६५० च्या आसपास, म्हणजे एका दिवसात झोपायची जागा दीड हजार मीटरने वर गेली, तीही मधे ४,५५१ मीटरची खिंड ओलांडून. डॉक्टर सांगतात तो नियम असा की ३,००० च्या वर गेल्यावर रोज झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबायचं. दिवसा थोडं वर जाऊन आलं तर चालतं, रात्री खाली यायचं. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही तेवढंच असतं पण हवेचा दाब कमी, त्यामुळे काझात एका श्वासात आपल्या इथल्याच्या दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो, आणि त्याची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात. आणि बाबा, तुम्ही रोज टेकडी चढता ते मान्य, पण फिटनेसने उंचीचा त्रास टळत नाही, जिम करणारी पंचविशीतली पोरंसुद्धा तिथे डोकं धरून बसतात.

तर मी प्लॅन करताना आधी काय बघायचं हे ठरवलंच नाही, आधी रात्री कुठे झोपायचं ते ठरवलं, बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

चंदीगडपर्यंत विमान, मग कालकाहून टॉय ट्रेनने शिमला. ही आईसाठी, गाडीत मळमळतं तिला म्हणून पहिला घाट तरी रेल्वेने. ९६ किलोमीटरला पाच तासांच्या वर लागतात, शंभरावर बोगदे, १९०३ ची लाईन आहे, घाई असलेल्या माणसाने बसूच नये. शिमल्यात झोप २,२०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी गाडी. नारकंड्यावरून उतरून रामपूरला सतलजच्या काठी येतो आणि परत चढून सराहन, तिथे भीमाकालीचं लाकडी देऊळ आहे, उंची शिमल्याएवढीच. मग सांगला, साधारण २,७००, इथे दोन रात्री, मधल्या दिवशी छितकुलला जाऊन यायचं, ते ३,४५० वर आहे, त्या रस्त्यावरचं शेवटचं गाव. म्हणजे उंचीची पहिली चव दिवसा आणि झोपायला परत खाली. पुढे कल्पा, ३,००० ला थोडं कमी. आई, कल्पाची खोली मी मुद्दाम किन्नर कैलासच्या बाजूची बघतेय, उजाडताना अंथरुणातूनच दर्शन, थंडीत कुडकुडत बाहेर जायला नको.

कल्पाहून पुढचा दिवस सगळ्यात मोठा, दीडशेच्या वर किलोमीटर. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून डोंगर एकदम बोडके, झाड म्हणून नाही. बहुतेक लोक या दिवशी नाकोला राहतात, पण नाको ३,६०० च्या वर आहे, आणि थोडं पुढे जाऊन रस्ता उतरतो तो ताबोला, ३,२८० वर. म्हणून नाकोला फक्त जेवायचं, तळं बघायचं आणि झोपायला ताबो. ही एक गोष्ट जमवताना मला फार मजा आली, खरं सांगते. ताबोत दोन रात्री. तिथला मठ इ.स. ९९६ चा, बाहेरून नुसत्या मातीच्या भिंती, लक्षसुद्धा जाणार नाही, आणि आत अंधारात भिंतभर चित्रं. आत फोटो काढू देत नाहीत. आईला तिथून बाहेर काढायला वेळ लागणार हे धरून मी त्या दिवशी फक्त धनकरचा मठ ठेवलाय. मग शेवटी काझा.

काझाहून की गावचा मठ, किब्बर आणि लांगझा ही गावं, सगळं दिवसा करून परत. आणि हिक्कीम. बाबा, अख्खी नोकरी पोस्टात काढलीत, तर हिक्कीमचं पोस्ट ऑफिस १९८३ पासून ४,४०० मीटरवर चालू आहे, पिनकोड १७२११४, आता तुम्ही आधी झोनचा आकडा कुठला ते सांगाल मला माहितीये. काउंटरवरच्या माणसाला स्टॅम्पिंग शिकवायचं नाही एवढंच. पण तिथे तासाभराच्या वर थांबायचं नाही आणि चढावर भराभर चालायचं नाही.

चंद्रताल तळ्यावर मुक्काम नाही. ४,२५० मीटरवर तंबूत झोपायचं, रात्री कोणाला दम लागला तर दवाखाना तासन्‌तास लांब, त्यामुळे तो विषय बंद. परतही कुंझुमवरून मनालीला नाही उतरायचं, त्या बाजूच्या रस्त्याचं काम चालू आहे, बातल ते ग्रांफू म्हणजे दगडगोटे आणि नाले, आईच्या कमरेचं काय होईल. आलो त्याच रस्त्याने परत. बाबांचं म्हणणं येणार की बघितलेलंच परत काय बघायचं, पण डोंगरात उलट्या दिशेने तोच रस्ता वेगळा दिसतो, आणि दिवस अडकला तर कुठल्या गावात बरी खोली मिळते ते आपल्याला तोवर माहिती झालेलं असेल.

दिवस सप्टेंबरअखेरचे. जुलै-ऑगस्टला किन्नौरमध्ये, म्हणजे सांगला-कल्पाच्या जिल्ह्यात, दरडी कोसळतात, २०२१ च्या ऑगस्टमध्ये निगुलसरीला एसटीवर दरड आली होती, त्यामुळे पावसाळ्यात मी तुम्हाला तिकडे नेणार नाही, कितीही ऑफर असू दे. सप्टेंबरअखेर आकाश मोकळं होतं, किन्नौरमध्ये सफरचंदं उतरवायचं काम जोरात असतं, रस्त्यात पेट्या भरलेले ट्रक भेटतील, त्यांच्यामागे रांगत जावं लागेल. काझात रात्री शून्याच्या आसपास. दरड तेव्हाही येऊ शकते, म्हणून शेवटी दोन दिवस रिकामे ठेवलेत, ते मधे कुठे भरायचे नाहीत. बाबा, ते वाया नाही जात.

गाडी मी चालवणार नाही. तिकडचाच ड्रायव्हर, दिवसा उजेडीच प्रवास, साडेचार-पाचला मुक्कामी. कल्पाच्या खालीच रेकाँग पिओ आहे, तिथे टाकी फुल करायची, पुढे पंपांचा भरवसा धरायचा नाही. रोख पैसे जास्त ठेवू. सिमकार्ड प्रीपेड चालतं पण मधले लांब लांब पट्टे रेंज नसते, तेव्हा ताईला सांगून ठेवा की संध्याकाळपर्यंत फोन लागला नाही तरी घाबरायचं नाही.

आता आई, हे तुझ्यासाठी आहे आणि मी फोनवर बोलले असते तर तू हसून टाळलं असतंस. तू प्रवासात पाणी पीत नाहीस. बाथरूमचे वांधे नकोत म्हणून सकाळपासून दोन घोट, हे मी लहानपणापासून बघतेय. तिकडे हे चालणार नाही, हवा इतकी कोरडी असते की अंगातलं पाणी कधी उडालं ते कळत नाही, डोकं दुखतं आणि मग ते उंचीमुळे की पाण्यामुळे हेच समजत नाही. म्हणून मी हॉटेलांना फोन करते तेव्हा व्ह्यूच्या आधी कमोड विचारते. स्पितीत बऱ्याच जुन्या घरांत कोरडे संडास असतात, उकिडवं बसायचं, तुझ्या गुडघ्यांना जमणार नाही, त्यामुळे कमोड नसेल तर खोली कितीही सुंदर असो मी फोन ठेवते. आणि वाटेत दर दीड-दोन तासांनी बऱ्या ढाब्यावर गाडी थांबवायची हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवणार, तुला म्हणावं लागणार नाही. बदल्यात तू बाटली संपवायची.

दोघांनीही या महिन्यातच डॉक्टरांकडे जाऊन या. बाबांचा ईसीजी, आणि बीपीची गोळी वर तशीच चालेल का ते विचारा. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही तेही तेच सांगतील, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, आणि सोसायटीतल्या काकांनी दिली म्हणून कोणी काही घ्यायचं नाही. डॉक्टर नको म्हणाले तर आपण कल्पापर्यंत जाऊन परत येऊ, तेवढंही काही कमी नाही. आणि वर कोणाचंही डोकं दुखायला लागलं, उलटी झाली, तर लपवायचं नाही. त्या दिवशी पुढे चढायचं नाही, बरं वाटेना तर गाडी सरळ खाली. ह्यात बाबांचं मत विचारलं जाणार नाही.

आई, भाजणी घे पण पाच किलो नको, तिकडे राजमा-भात आणि थुक्पा मिळतो, उपाशी राहत नाही कोणी. लोकरीचे मोजे मी इथून आणते. बूट नवे घेणार असलात तर आत्ताच घ्या आणि घालून फिरा.

रविवारपर्यंत डॉक्टरांची अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते कळवा, त्यावर मी विमानाची तिकिटं धरते. टॉय ट्रेनला खिडकी कोणाला हे तुम्ही दोघं आपसात मिटवा, मी मधे पडणार नाही.

तुमची,
धाकटी