अ‍ॅप आधी आमच्या फोनवर चालवून बघा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

धारूरला गेली बारा वर्षे माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगची पिन ही माझी खरी कामे. पण खरिपात आणि सुगीत अर्धा दिवस लोकांना अ‍ॅप चालू करून देण्यातच जातो. नव्या अ‍ॅपच्या, एआयच्या बातम्या आपल्या पानांवर वाचतो, आनंदही वाटतो. परंतु ही अ‍ॅप ज्यांच्यासाठी म्हणून बनतात, त्यांच्या हातातला फोन बनवणाऱ्यांनी पाहिला आहे का, असा प्रश्न पडतो, म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्यात डोंगरपट्ट्यातल्या एका तांड्यावरच्या आजोबांनी शेतीच्या एका अ‍ॅपवर अर्ज भरला. जमीन दोन एकर दहा गुंठे, म्हणून नातवाने २.१० लिहिले. रकाना हेक्टरचा होता. ४० गुंठ्यांचा एकर धरला तर त्यांचे क्षेत्र ०.९१ हेक्टरच्या आसपास भरते. अ‍ॅपवर ते दुपटीहून जास्त झाले. अर्ज परत आला, तो कळला दिवाळीनंतर. दुरुस्तीला ओटीपी लागतो, नंबर मुलाच्या फोनवर, आणि मुलगा-सून उसतोडीला कर्नाटकात. फडात रेंज नाही. तीन संध्याकाळी आजोबा माझ्या दुकानात बसून राहिले. चौथ्या दिवशी फोन लागला, पण मुलाने आकडे वाचून सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. "भाऊ, आता काय करावं?" त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रकान्यात 'एकर' आणि 'गुंठे' अशी दोन घरे ठेवली असती, तर यातले काहीच घडले नसते. बेरीज-गुणाकार फोनने करायचा, माणसाने नाही.

गरीब देशांसाठी हलकी, साधी अ‍ॅप बनवता येतात हे जगाने कधीच दाखवून दिले आहे. केनियात एम-पेसा २००७ साली बटणाच्या फोनवर सुरू झाले, स्मार्टफोन नसलेली माणसे त्यावर पैसे पाठवू लागली. फेसबुकने २०१५ मध्ये 'लाइट' काढले. गुगलने २०१७ मध्ये १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनसाठी अँड्रॉइड गो जाहीर केले. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आले, त्यात इंटरनेटशिवाय साध्या फोनवरून व्यवहार होतो. मात्र त्याच वर्षी यूट्यूबचे हलके अ‍ॅप 'यूट्यूब गो' बंद झाले. नेट स्वस्त झाले म्हणजे सगळ्यांचे फोन भारी झाले, असा समज आता पसरताना दिसतो. माझ्या काउंटरवर येणाऱ्या फोनमध्ये २-३ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागा असते, तीही फोटो-व्हिडिओंनी भरलेली. नवे अ‍ॅप टाकायचे तर नातवंडाच्या बारशाचे फोटो पुसून टाकावे लागतात. ते पुसताना समोरच्या बाईचा चेहरा मला बघवत नाही.

नेटचेही तेच. बालाघाटाच्या घळीत गेले की टॉवरच्या काड्या जातात. कितीतरी अ‍ॅप म्हणजे आतून वेबसाइटच असते, वरून अ‍ॅपचे नुसते कव्हर, रेंज गेली की "भाऊ, पांढरंच दिसायलंय." खरे तर भरलेली माहिती फोनमध्येच साठवून रेंज आल्यावर आपोआप पाठवणे अवघड नाही. कॅमेऱ्याचा ४-५ एमबीचा फोटो २०० केबीवर आणला तरी सोयाबीन ओळखू येते. अर्ज अर्धा भरून झाला आणि फोन आला, तर परत पहिल्यापासून भरायला लावू नये, एवढे तरी व्हावे. मराठीही अशी असावी की वाचून कळेल. आणि आवाज! जिला लिहिता येत नाही ती मावशीसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर बोलून निरोप पाठवते. मराठीत बोलून टाइप करण्याची सोय फोनमध्ये केव्हाच आली आहे, मग अर्जाच्या रकान्यापुढे माइकचे चिन्ह का नसते?

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथल्या कॉलेजांतून दरवर्षी मुले-मुली अभियंते होऊन बाहेर पडतात. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये अनेकजण शेतीचेच अ‍ॅप करतात. त्यातली हुशारी मी पाहिली आहे, तिच्याबद्दल मला आदरच आहे. त्यांनी, आणि सरकारी कामाची अ‍ॅप बनवणाऱ्यांनीही, एक दिवस आठवडी बाजाराला धारूरला यावे. माझ्या दुकानात जुने पाच-सहा फोन कायम असतात, काच तडकलेले, मेमरी भरलेले. चार्ज करून ठेवीन. आपले अ‍ॅप त्यांवर टाकावे आणि बाजाराला आलेल्या माणसाच्या हातात द्यावे. तो कुठे थांबतो, कुठे बोट अडते, ते शेजारी बसून बघावे.

आपला,
एक वाचक, धारूर, जि. बीड